विचारणाऱ्याचं नाव

आमच्या 'इज' या शोधयंत्रावर किरगीझ भाषेत काहीही शोधलं की आधी गाणी यायची. आजार शोधा, कायदा शोधा, मेंढ्यांची लस शोधा, सगळ्यांत वर एखादं विरहगीत हजर. यात दोष इजचा नव्हता. आमच्या भाषेत इंटरनेटवर तेव्हा होतंच काय? गाणी, बातम्या आणि लग्नाच्या शुभेच्छा. बाकी सगळं रशियन. ज्याला रशियन नीट येत नाही, त्याने शोधून शोधायचं तरी काय?

मी आधी शब्दकोशाच्या कामावर होते. तो विभाग बंद पडला तेव्हा मार्लेनने मला बोलावून घेतलं. इज त्याची. इज म्हणजे बिश्केकमध्ये एका दंतवैद्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या, आम्ही मोजकी माणसं आणि एक शोधयंत्र. आमच्या भाषेत शब्दाच्या मागे प्रत्ययांची लांबच लांब शेपूट लागत जाते. ती कापून आतला मूळ शब्द यंत्राला ओळखायला शिकवणं, हे माझं काम. वयाने मी सगळ्यांची थोरली बहीण, म्हणून सगळे मला एजे म्हणायचे, मार्लेनसुद्धा. आणि मार्लेनला बाकीचे बाइके म्हणायचे, थोरल्या भावाला म्हणतात तसं.

जिपारा आमच्याकडे आली ती तलासहून, शिक्षण संपवून. बोलायला कमी. विचार करायचा असला की खुर्चीवरून उठून उभी राहायची आणि उभ्याउभ्याच टाइप करायची. एखाद्या गोष्टीवर तिचं म्हणणं पटलं नाही, तर ती वाद घालत नसे. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायची, जणू काल काही बोलणं झालंच नव्हतं. मार्लेनला याचा फार वैताग यायचा.

एकदा तिच्या आईचा फोन आला. त्यांच्याकडे राजम्याची शेती. तलासमध्ये सगळ्यांचीच असते. आई म्हणाली, "तुझ्या यंत्राला विचारलं, राजम्याची पानं कडेने पिवळी का पडतात. त्याने मला गाणं ऐकवलं. गाणं बरं होतं. पानं अजून पिवळीच आहेत."

आम्ही हसलो. जिपारा हसली नाही. ती उठून उभी राहिली.

दुपारी ती मार्लेनसमोर जाऊन म्हणाली की या प्रश्नाचं उत्तर तलासच्या निम्म्या लोकांना तोंडपाठ असेल, फक्त ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. तेव्हा जिथे लिहिलेलं काही सापडत नाही, तिथे यंत्राने हात वर करू नयेत. तो प्रश्न माणसांपुढे ठेवावा. ज्याला ठाऊक आहे तो उत्तर देईल, आणि पुढच्या वेळी तेच शोधणाऱ्याला ते उत्तर सगळ्यांत वर दिसेल.

"शोधयंत्र म्हणजे ग्रंथालय," मार्लेन म्हणाला. "तुला तिथे बाजार भरवायचाय."

"ग्रंथालयात पुस्तकंच नाहीत, बाइके. बाजारात निदान माणसं तरी आहेत."

तो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला, कर काय करायचं ते, फक्त मला सांगू नकोस.

महिनाभरात राजम्याच्या पानांची इतकी उत्तरं आली की आईने फोन करून सांगितलं, आता पुरे. कुणी पाणी जास्त झालं म्हणत होतं, कुणी मातीत लोह कमी आहे म्हणत होतं, आणि एका म्हाताऱ्याने पानं कशी पिवळी पडली त्यावरून दोन्हींतला फरक कसा ओळखायचा ते सविस्तर लिहिलं होतं. त्याच्या नातीने टाइप करून दिलं असावं, कारण मध्येच एक वाक्य होतं, 'आता आजोबा चहा पिताहेत, थांबा.' मग नारिनहून घोड्यांच्या खुरांबद्दल प्रश्न आले, ओशहून जमिनीच्या वाटणीबद्दल, आणि मॉस्कोत झाडूकाम करणाऱ्या आमच्या पोरींकडून तिथल्या कागदपत्रांबद्दल. रिकामी इज भरू लागली. मार्लेन सगळ्यांना सांगत सुटला की ही कल्पना कशी सुचली. जिपाराचं नाव तो घ्यायचा, पण जरा उशिराने.

पुढची पायरी जिपारानेच सुचवली. लोक इजवर फोन नंबरने आत येत होते. त्यांनी परवानगी दिली तर त्यांच्या फोनमधल्या ओळखी यंत्राला कळणार होत्या. मग उत्तरांच्या वर एका पट्टीत ओळखीच्या माणसाचं उत्तर आधी दाखवता येईल. अनोळखी माणसाने सांगितलेलं औषध आणि आपल्या मावशीने सांगितलेलं औषध यांत माणूस फरक करतोच, तर यंत्रानेही करावा. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

पण उत्तर देणारे थोडे आणि शोधणारे भाराभर. ओळखीच्यांची ती पट्टी बहुतेकांना रिकामीच दिसायची. रिकामी पट्टी मार्लेनला बघवेना. त्याने सुचवलं की ओळखीच्यांनी उत्तर दिलं नसेल, पण तेच शोधलं असेल, तर तेवढं तरी दाखवू. 'तुमच्या ओळखीच्या अमक्यांनीही हे शोधलं आहे.' लोकांना बरं वाटेल, आपण एकटे नाही म्हणून. जिपाराने ते आठवड्याभरात लिहून दिलं. आत येताना एक लांबलचक मजकूर यायचा आणि खाली 'मान्य आहे' असं बटण. तो मजकूर कुणी वाचत नसे.

पट्टी भरली. आणि लोकांना ती भयंकर आवडली. माणसं काही शोधायला नाही, कोण काय शोधतंय हे बघायला येऊ लागली. मेहुणा गाडी शोधतोय, शेजारीण पडदे शोधतेय. मार्लेनच्या टेबलावरचा आलेख चढत गेला आणि शरद लागता लागता कझाकस्तानातल्या अल्माटीहून निरोप आला. तिथल्या एका मोठ्या कंपनीला इज कझाकमध्येही न्यायची होती. त्यांची माणसं बघायला येणार होती.

त्याच सुमारास झूराचा फोन आला.

पानाच्या तळाला ऑफिसचा नंबर होता. त्यावर सहसा लोक पासवर्ड विसरला म्हणून फोन करायचे. फोन जिपाराने उचलला. समोरून एक बाई फार सभ्यपणे बोलत होती, वर्गात बोलतात तसं, प्रत्येक शब्द सुटा करून. तिने आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग गाव, मग आपण चौथीला शिकवतो हे. मग ती म्हणाली की तुमच्या यंत्राने माझ्या सगळ्या गावाला सांगितलंय की मी क्षयाबद्दल विचारत होते.

जिपारा उभी राहिली. ती काय काय विचारत गेली ते आम्हाला ऐकू येत होतं, उत्तरं नाही. नंतर तिने सांगितलं. झूराचा नवरा रशियात नोवोसिबिर्स्कला बांधकामावर होता, तिथून छातीत दुखणं घेऊन परतला. तलासच्या दवाखान्यात क्षय निघाला, औषधं सुरू झाली. झूराची आणि पोरांची तपासणी झाली, ती सगळी निर्दोष. पण घरात कसं राहायचं, भांडी वेगळी ठेवायची का, तो पोरांना जवळ कधी घेऊ शकेल, हे तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं. म्हणून तिने इजवर विचारलं. गावातल्या एका बाईने आपल्या पोराच्या खोकल्यासाठी तोच शब्द शोधला, आणि तिला पट्टीत झूराचं नाव दिसलं. आता आईबाप मुलांना झूराच्या वर्गात पाठवत नव्हते. मुख्याध्यापकांनी तिला काही दिवस घरीच थांबायला सांगितलं होतं, प्रेमानेच.

जिपाराने फोन ठेवला, आणि कुणाशीही न बोलता झूराचं नाव सगळ्या पट्ट्यांमधून काढलं. मग ती मार्लेनकडे गेली आणि म्हणाली की पट्टी बंद करायला हवी.

मार्लेन वाईट माणूस नव्हता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण पाहुणे पुढच्याच आठवड्यात येणार होते, आणि ते पट्टी बघायलाच येत होते. त्याने मध्यममार्ग काढला. आजारांची नावं पट्टीतून वगळायची. आजच्या आज. त्याने माझ्याकडे वळून सांगितलं, "एजे, शब्द तुम्ही काढून द्या. तुमच्याइतके आजार कुणाला ठाऊक असणार?"

"आजार नव्हेत, शब्द ठाऊक आहेत," मी म्हणाले. "आजार मला दोनच आहेत, एक गुडघा आणि दुसरा तू."

जिपाराने तेवढं लगेच केलं, मी देईन ते शब्द टाकत गेली. मी सकाळभर बसून शब्द काढले. क्षय, कर्करोग, गुप्तरोग, मिरगी. सोपं होतं. मग मनात आलं, ती दुसरी बाई तर पोराच्या खोकल्यापायी शोधत होती. खोकला घातला. मग ताप. मग वजन घटणं. मग आठवलं की बाईमाणूस मूल होत नाही म्हणून काय काय शोधेल. ते शब्द घातले. मग घटस्फोट. मग दारू सोडवणं. मग तुरुंगातल्या माणसाला काय पाठवता येतं ते. आमच्याकडे कोणी बिश्केकमध्ये खोली शोधत असेल तर तेही कधी कधी नवऱ्यापासून लपवण्यासारखं असतं. चाळीस वर्षं शब्दांत काढलेली मी; दुपारपर्यंत मला कळून चुकलं की मी सबंध शब्दकोशच उतरवतेय. लाज कुठल्या शब्दात दडलीय हे शब्दाकडे बघून सांगता येत नाही. मी मार्लेनला जाऊन तसं सांगितलं. तो म्हणाला, पाहुणे जाईपर्यंत एवढ्यावर भागवू.

आमच्यातला बेकतूर यंत्रांची देखभाल करायचा, आणि जीभ फार सैल. तो जिपाराला हळूच म्हणाला, "बाइके स्वतः काय काय शोधतात ते मी काढून देऊ का? त्यांच्या बायकोच्या पट्टीत टाकू. तासाभरात बंद होईल सगळं."

"नको."

"का? टक्कल तर शोधतच असणार."

"काहीही शोधू देत," जिपारा म्हणाली. "ते मला बघायचं नाही. बघितलं तर मी त्या पट्टीहून वेगळी कशी?"

बेकतूरने खांदे उडवले. पण नंतर त्याने कधी तसं काही सुचवलं नाही.

शनिवारी जिपारा झूराला भेटायला तलासला निघाली, मी तिच्यासोबत गेले. शेअर टॅक्सीत पुढच्या सीटवर एक मेंढीचं पोतं होतं, म्हणजे पोत्यात मेंढी होती, ती घाट संपेपर्यंत कुरकुरत राहिली. सुसामिरच्या पठारावर बर्फ भुरभुरू लागलं होतं आणि घोडीच्या दुधाचं कुमिस विकणारे तंबू उठून गेले होते. जिपारा सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, काय सांगणार आहेस तिला? ती म्हणाली, ठाऊक नाही, आधी तिचं ऐकते.

गावात प्रत्येक अंगणात राजम्याच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. झूराचं घर आम्हाला कुणी बोट दाखवून सांगितलं नाही. सगळे हाताने नुसतं 'त्या बाजूला' करत होते. झूरा दारात उभी होती. चाळिशीची, उंच, शाळेत घालायचा कोट घालून, जणू आम्ही तपासणीला आलो होतो. तिने आम्हाला आत घेतलं, जेवणाचं दस्तरखान अंथरलं, पाव, लोणी, जर्दाळूचा मुरंबा मांडला आणि चहा ओतला. मग हात मांडीवर ठेवून थांबली. आम्ही पावाला हात लावतो की नाही ते ती बघत होती. जिपाराने मोठा तुकडा तोडला आणि खाल्ला. मीही.

त्यानंतर झूरा मोकळी बसली.

नवरा अंगणापलीकडच्या खोलीत होता, खिडकी उघडी टाकून. त्याने तिथूनच हात वर करून सलाम केला. माणूस दांडगा, पण अंगावरचा स्वेटर दुसऱ्या कुणाचा असावा असा लोंबत होता.

जिपाराने पाव गिळला आणि सरळ सांगितलं. ती पट्टी मी लिहिली, झूरा एजे. कल्पना दुसऱ्याची असेल, पण हात माझा. तुमचं नाव काढलंय. बाकीच्यांचंही निघेल, ते मी करणार आहे. तुमची क्षमा मागायला आले.

झूरा चहाच्या पेल्यात बघत होती. "क्षमा कशाला, पोरी? क्षमेचं मी काय करू?" ती म्हणाली. "मी एक प्रश्न विचारला होता. तो सगळ्या गावाने बघितला. उत्तर कुणीच दिलं नाही. तुझ्या यंत्राने माझं नाव सगळ्यांना सांगितलं, आणि मला मात्र काहीच सांगितलं नाही."



"आणि त्या बाईलाही बोल लावू नकोस," झूरा पुढे म्हणाली. "तिचं लेकरू खोकत होतं. तीही उत्तरच शोधत होती. तिला उत्तराऐवजी मी सापडले."

मी आयुष्यात पुष्कळ विद्वान माणसांची भाषणं ऐकली, पण एवढ्या थोडक्यात आमच्या कामाबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. जिपाराने तिला विचारलं, तुमचे प्रश्न मला पुन्हा सांगाल का, सगळे? झूराने सांगितले. भांडी. टॉवेल. पोरांच्या मिठ्या. औषधाने त्याचं पोट बिघडतं तर एक दिवस सोडलं तर चालेल का. वर्गातल्या आईबापांना काय सांगायचं. जिपारा मान डोलावत होती आणि ओठ हलवत होती, पाठ करत असल्यासारखी.

परतताना टॅक्सीत ती मला म्हणाली, "दोन कामं आहेत, एजे. पट्टी आणि उत्तरं. पट्टीसाठी कुणाला तरी पटवावं लागेल. उत्तरांसाठी फक्त उभं राहावं लागेल."

सोमवारी सकाळी ती शहरातल्या क्षयाच्या दवाखान्यात जाऊन उभी राहिली. तिथे क्लारा उसेनोव्ना नावाच्या डॉक्टर होत्या, पिकलेल्या केसांच्या, फटकळ. त्यांनी सांगितलं की मला रोगी बघायला वेळ पुरत नाही, तुमच्या कॉम्प्युटरसाठी कुठून काढू? आणि मी शिकले रशियनमध्ये, लिहिते रशियनमध्ये. जिपारा गेली नाही. दुसऱ्या सकाळीही ती त्यांच्या दारात उभी होती. त्या एका वॉर्डातून दुसऱ्यात जाताना ती शेजारून चालू लागली आणि एकच प्रश्न विचारला, औषधाने पोट बिघडलं तर एक दिवस सोडलं तर चालेल का?

क्लारा उसेनोव्ना थबकल्या. "कुणी सोडलंय?"

"अजून कुणी नाही. सोडतील. विचारायला कुणी नाही."

डॉक्टर चालता चालता बोलू लागल्या आणि जिपाराने फोनवर रेकॉर्ड केलं. एकदा बोलू लागल्यावर त्यांना थांबवणं अवघड होतं. सोडायचं नाही, डॉक्टरला सांगायचं, गोळ्या घेण्याची वेळ बदलता येते. भांडी वेगळी काढणं ही जुनी खुळं. हा रोग हवेतून पसरतो, ताटातून नव्हे, तेव्हा खिडकी उघडी ठेवा. औषध लागू पडलं की रोग पसरणं थांबतं, पण ते तपासणीनेच ठरतं, अंदाजाने नाही, कारण काही जंतू औषधाला दाद देत नाहीत. आणि तपासणीत निर्दोष निघालेल्या बाईला वर्गाबाहेर ठेवणाऱ्यांना माझ्याकडे पाठवा, मी बोलते.

ते सगळं मी किरगीझमध्ये उतरवलं. त्यांना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "हे मी बोलले? मला तर माझ्या आजीसारखं वाटतंय." त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्त्या केल्या आणि खाली स्वतःचं नाव घालू दिलं. प्रश्नांवर कुणाचंच नाव नव्हतं. जिपाराने प्रश्नोत्तरांसाठी नवा नियमच केला: विचारणाऱ्याचं नाव यंत्राने दाखवायचंच नाही; उत्तर देणाऱ्याचंही त्याने स्वतःहून लावलं तरच.

आता राहिली पट्टी. पाहुण्यांच्या आदल्या दिवशी ती मार्लेनकडे गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, झूराच्या घरातल्या पावासकट. मार्लेनने ऐकून घेतलं. मग म्हणाला, उद्या राजम्याचा शोध दाखव, तेवढाच. ती म्हणाली, "दाखवते. पण त्यांनी विचारलं तर खरं सांगेन. आधीच सांगून ठेवते, नंतर पाठीमागून केलं असं व्हायला नको."

"आणि मी तुला खोलीबाहेर ठेवलं तर?"

"तर मी दाराबाहेर सांगेन."

त्याने तिला बाहेर ठेवलं नाही. का, ते त्यालाच ठाऊक. खरं तर यंत्र नीट चालवून दाखवायला तिच्याशिवाय कुणी नव्हतंही.

अल्माटीहून दोघं आले. बोलण्याचा मान सौले नावाच्या बाईकडे होता, सडपातळ, हुशार, चहाला नाही न म्हणणारी. जिपाराने राजमा दाखवला, म्हाताऱ्याचं उत्तर दाखवलं. सौले मनापासून हसली. मग तिने पट्टीबद्दल विचारलं. ही मुख्य गोष्ट, ती म्हणाली, हिच्यामुळेच लोक परत परत येतात. आमच्याकडेही ही हवी. हिचा काही त्रास होतो का?

मार्लेनने कप खाली ठेवला.

जिपाराने सांगितलं. नाव, गाव वगळून, बाकी सगळं. आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली, "आमच्या गावांत सगळेच सगळ्यांचे ओळखीचे असतात. तुमच्याकडेही असंच असणार. माणूस यंत्राला विचारतो, कारण ते शेजाऱ्याला विचारता येत नाही. आम्ही शेजाऱ्यालाच बोलावून आणलं."

सौलेला ते पटत नव्हतं असं नाही. तिने विचारलं की ही पट्टी काढली तर काय उरतं. जिपारा म्हणाली, प्रश्न आणि उत्तरं. हळूहळू भरणारी. सौले म्हणाली, "खरं बोलते. मला यातला हळूहळू भाग विकता येणार नाही." तिने सगळ्यांशी हात मिळवला, जिपाराचा हात जरा जास्त वेळ धरला, आणि ते दोघं गेले. परत आले नाहीत.

मार्लेन खिडकीपाशी उभा राहून त्यांची गाडी जाताना बघत होता. मला वाटलं, आता तो ओरडेल. तो ओरडला नाही. माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "एजे, ती तुमची शब्दांची यादी किती लांब झाली होती?"

"संपतच नव्हती," मी म्हणाले.

"हं." तो खुर्चीत बसला. मग जिपाराकडे न बघता म्हणाला, "कर बंद. ते गेलेत म्हणून नाही. म्हणजे, ते गेलेत म्हणूनही. काय समजायचं ते समज."

तिने तिथल्या तिथे बंद केली.

पुढचे काही आठवडे मार्लेन तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. त्याच्या टेबलावरचा आलेख कोसळला. पडदे आणि गाड्या बघायला येणारे लोक पांगले. आम्हाला एक खोली सोडावी लागली आणि बेकतूर दुसरीकडे कामाला लागला, तो निघताना म्हणाला, टक्कलवाली युक्ती अजून उपलब्ध आहे. जिपाराने त्याला गळामिठी मारली. राहिलेल्या एका खोलीत मार्लेनचं आणि तिचं टेबल समोरासमोर आलं, आणि रोज समोर बसणाऱ्या माणसाशी फार काळ अबोला धरता येत नाही. एके दिवशी त्याने तिला आपल्या डब्यातला मटण भरलेला समसा दिला. तिने घेतला. झालं.

झूराने क्लारा उसेनोव्नांची उत्तरं छापून घेतली आणि शाळेत आईबापांची बैठक बोलवायला लावली. ती स्वतः बोलली नाही, मुख्याध्यापकांना वाचायला लावलं. वाचताना ते दोनदा अडखळले, आणि दुसऱ्यांदा अडखळले ते निर्दोष बाईला वर्गाबाहेर ठेवणाऱ्यांच्या वाक्यावर. हिवाळा सरेपर्यंत बहुतेक मुलं परत आली. सगळी नाही. दोन घरांनी मुलांना शेजारच्या गावच्या शाळेत घातलं ते घातलंच. ते सांगून झूरा फोनवर म्हणाली की नवरा आता अंगणातली लाकडं फोडतो, आणि स्वेटर पुन्हा त्याचाच वाटायला लागलाय.

वसंतात बात्केनच्या कुणा सुनेने इजवर प्रश्न टाकला. नाव नव्हतं. तिला क्षय निघाला होता आणि सासरी कसं सांगावं ते कळत नव्हतं. डॉक्टरांचं उत्तर यावर चालण्यासारखं नव्हतं. क्लारा उसेनोव्नांनी तसं स्वतःच सांगितलं. प्रश्न काही काळ तसाच पडून राहिला. मग एका सकाळी त्याखाली लांबलचक उत्तर आलेलं दिसलं. आधी सासूला सांग, एकटीला, दुपारी, कामं उरकल्यावर. रडू नकोस, रडलीस तर ती घाबरेल. तपासणीचा कागद जवळ ठेव. शेवटी घरातल्यांचीही तपासणी करायला सांग, ती त्यांच्याच भल्यासाठी आहे हे आधी सांग.

उत्तराखाली नाव लावलेलं होतं, पूर्ण, गावासकट आणि शाळेसकट. झूराने ते स्वतःहून लावलं होतं.

मी जिपाराला बोलावलं. तिने उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं. डोळे पुसायला ती खिडकीकडे वळली, पण तिने ते फारसं लपवलं नाही. मग परत आपल्या टेबलाशी गेली, कालपासून आलेल्या, अजून कुणी उत्तर न दिलेल्या प्रश्नांवर नजर टाकली आणि मला विचारलं, "एजे, भाजलेल्या मुलाच्या जखमेचे व्रण कमी कसे करायचे, हे कुणाला ठाऊक असेल?"

मला ठाऊक नव्हतं. मार्लेनने डोकं वर करून सांगितलं की त्याच्या चुलतभावाची बायको भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स आहे, पण ती कुणाचा फोन उचलत नाही.

"नंबर द्या," जिपारा म्हणाली, आणि कोट घालायला लागली. "कुठल्या दवाखान्यात आहे तेही सांगा."